हलकं घर कोणाला परवडतं?

मागच्या उन्हाळ्यात देऊळगाव राजातल्या आमच्या अंगणात मी एक घर बांधलं. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. खाली लोखंडी सांगाडा आणि दोन चाकं. आत दोन माणसं आडवी होतील एवढी गादी, डोक्याशी फळी, एक खिडकी. चाकांचा सांगाडा सोडला तर अख्ख्या खोक्याचं वजन सत्तर किलोच्या आसपास. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी ते उचलून चाकांवर ठेवलं. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "घर उचलताना पहिल्यांदाच बघतेय."

घर उचलता येतं, कारण ते फोमचं आहे. गणपतीच्या मखरातला थर्माकोल आठवा. त्याचाच जास्त घट्ट भाऊ म्हणजे एक्सपीएस शीट. उन्हाचा ताप खाली येऊ नये म्हणून ती स्लॅबवर घालतात. आठ बाय चारची दोन इंच जाड शीट साधारण पाच किलोची. त्याच मापाचा बारा मिलिमीटरचा प्लायवूड वीस किलोच्या घरात जातो. भिंती, छप्पर, पुढची-मागची बाजू मिळून मला चार शीट लागल्या. प्लायवूड फक्त तळाला.

पण नुसता फोम म्हणजे काहीच नाही. नखाने ओरखडा पडतो, उन्हात पिवळा पडून त्याची भुकटी होते, पेट्रोलचे चार थेंब सांडले तर विरघळतो. म्हणून त्याला वरून कातडी लागते. मी जाड मांजरपाट आणला, पाण्यात टिकणाऱ्या लाकडाच्या गोंदात भिजवून आतून-बाहेरून ताणून चिकटवला आणि वाळल्यावर घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात त्या रंगाचे तीन हात मारले. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरी छोटे कॅम्पिंग ट्रेलर बनवत आलेत. त्यातल्या आजच्या हौशी मंडळींची ही फोम-कापड-रंगाची रीत. मी ती व्हिडिओ बघून शिकलो.

यातलं इंजिनिअरिंग सुंदर आहे. भिंतीवर जोर आला की एका बाजूची कातडी दाबली जाते, दुसऱ्या बाजूची ताणली जाते. मधला फोम त्या दोघींना एकमेकींपासून दूर धरून ठेवतो, बस्स. कापड एकटं लोंबतं, फोम एकटा मोडतो. दोघं चिकटले की त्या भिंतीला टेकून बसता येतं. शीतगृहांच्या भिंतीही याच तत्त्वावर उभ्या असतात.

हे सगळं मी का केलं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कामाची खुर्ची आता गावातच आहे. पुण्यात असताना फ्लॅटभर सामान साठलं होतं आणि त्याचा कंटाळा आला होता. कमी वस्तूंत राहावं, जड काही मागे बांधून घेऊ नये, वाटेल तिथे रात्र काढावी, असं फार वाटायचं. हे मला नुसतं आवडत नव्हतं, ते नैतिकदृष्ट्याही बरोबर वाटत होतं. हलका माणूस म्हणजे चांगला माणूस, असा काहीतरी माझा समज होता. रस्त्यावर न्यायला आरटीओचे सोपस्कार बाकी आहेत. तोवर काकांच्या ट्रॅक्टरमागे लावून ट्रेलर शेतापर्यंत नेतो आणि कधीतरी खडकपूर्णाच्या जलाशयाकाठी रात्र काढायची स्वप्नं बघतो.

दिवाळीच्या आधी शेतात सोयाबीन काढायला एक मामा-मावशी आले होते. दरवर्षी येतात. सोयाबीन झालं की ते पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. ट्रेलर बांधावर उभा होता. मावशींनी आत डोकावून बघितलं, भिंतीवर बोटांनी वाजवून बघितलं. मी मोठ्या उत्साहात सगळं समजावून सांगितलं. मग मला वाटलं ते मी बोलूनही टाकलं, "मावशी, माझ्याकडे शीट उरल्यात. तुमच्यासाठी असंच एक करू का? फडावर कोपीत राहण्यापेक्षा बरं."

कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची फडाजवळची झोपडी. बांबू वाकवून वर पाचट नाहीतर ताडपत्री टाकायची, की झालं घर. एका कोपीत चार-पाच माणसं, पाच-सहा महिने.

मावशी हसल्या. "भारी हाये बापू. पण चूल कुठं मांडू?"

मी गप्प झालो. फोमच्या घरात चूल पेटली तर काय होईल, हे मला माहीत होतं. पॉलिस्टायरीन मऊ पडायला शंभर अंशसुद्धा लागत नाहीत, आणि पेटलं तर काळा, विषारी धूर. माझ्या ट्रेलरमध्ये चूल नाही, कारण माझा स्वयंपाक बाहेर होतो आणि पाऊस आला तर मी सरळ घरी जातो. त्यांच्या कोपीत पावसाळी दिवशी चूल आतच येते. मामांनी दुसरा मुद्दा काढला. "आन् हे घडी होत न्हाई. ताडपत्री घडी करून ट्रॉलीत टाकता येती." माझ्या सत्तर किलोच्या अभिमानासमोर चार किलोची ताडपत्री होती. हलकं घर बांधण्यात ते माझ्या कितीतरी पुढे होते.

त्या रात्री मी ट्रेलरमध्ये झोपलो. झोप आली नाही. वजन कमी करणं हा सद्गुण असेल, तर ते माझ्यापेक्षा सद्गुणी. मोजक्या वस्तू, घडी होणारं घर, सहा महिने उघड्या आभाळाखाली. याच गोष्टींसाठी मी पैसे आणि दोन महिने घातले आणि तिला साधं जगणं म्हणालो. ते तेच करतात तेव्हा तिला गरिबी म्हणतात. फरक नेमका कुठे आहे?

पहिलं उत्तर सुचतं ते असं की, मी स्वेच्छेने जातो, ते नाइलाजाने. खरं आहे, पण अपुरं आहे. मामांना कोणी बांधून नेत नाही. ते मुकादमाकडून उचल घेतात, म्हणजे हंगामाआधीच मिळालेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊस तोडून ती उचल फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. कागदावर सगळं राजीखुशीनेच असतं. मग मला वाटतं, प्रश्न जाण्याच्या इच्छेचा नसून मधूनच परत येता येण्याचा आहे. मला रात्री डास चावले तर मी अकरा वाजता घरी येऊन पंख्याखाली झोपतो. मामांना जानेवारीत ताप आला तरी उचल अंगावर असते. घर ताडपत्रीचं असलं तरी त्यांच्या डोक्यावर हे ओझं आहेच.

आणि माझा हलकेपणा? तोही माझ्या एकट्याचा नाही. एका बाजूला आईचं विटांचं घर, दुसऱ्या बाजूला दर महिन्याचा पगार, मध्ये मी. या दोन कातड्यांनी धरून ठेवलंय म्हणून मी ताठ उभा आहे आणि समजतो की हा ताठपणा माझा आहे. त्या काढून घेतल्या तर मीही नखाने ओरखडा पडणारा फोम.

एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू ट्रेलर बांधला नसतास तर त्यांना घर मिळालं असतं का? उगाच अपराधी वाटून घेतोस." त्याचं बरोबर आहे. माझ्या ट्रेलरने कोणाची कोपी गळत नाही. अपराधी वाटणं ही स्वस्त गोष्ट आहे, त्यात माझं काहीच जात नाही. पण राहण्याची सोय ही दयेची बाब नाही, हे कायद्यालाही कधीच कळलं होतं. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कामगारांच्या राहण्याची योग्य सोय ठेकेदारावर टाकली होती. मात्र नावाप्रमाणेच तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बुलढाण्यातून निघून महाराष्ट्रातच ऊस तोडणारा माणूस त्यात बसत नव्हता.

आमच्या तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळांचं जन्मगाव मानलं जातं. खडकपूर्णाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले. लहानपणापासून ही कथा मी भक्ताची म्हणून ऐकली. आता ती मला बाहेरगावी कामावर मेलेल्या मजुराची कथाही वाटते. ज्या गावकुसाच्या आत त्यांना जागा नव्हती, ते बांधतानाच ते गेले. मी ज्यांचं नाव असलेल्या पाण्याकाठी हलकं होण्याची स्वप्नं बघत होतो, ते दुसऱ्यांसाठी जड भिंत रचत होते.

सोयाबीनच्या शेवटच्या दिवशी मावशी आईकडे पाणी प्यायला आल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बापू, तुला काही द्यायचंच आसंल तर एक इचारू? पोरगी सातवीत हाये. तुमची मागची खोली मोकळीच आसती. पाडव्यापस्तोर ऱ्हाईल का ती हितं? शाळा बुडती तिची." अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. मावशींना मात्र पोरगी ओळखीच्या घरात हवी होती.

चार शीट देताना मी एक सेकंदही विचार केला नव्हता. खोलीचं नाव निघाल्यावर मात्र पटापट विचार आले. आजारी पडली तर? रात्री रडली तर? लोक काय म्हणतील? आईवर काम पडेल. मी बाहेर कसा जाणार? मला हवं ते सगळं हलकं होतं, आणि ही मागणी जड होती.

मी म्हणालो, "बघू."

दोन दिवसांनी त्यांची ट्रॉली गेली. ताडपत्रीच्या गुंडाळीवर पोरगी बसली होती. मांडीवर दप्तर होतं.

आईला मी हे खूप उशिरा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला विचारायचंस ना." मागची खोली आम्ही आवरली आहे. पाडव्याला ते परत आले की मी जाऊन मावशींना विचारणार आहे, पुढच्या हंगामाचं. त्या कदाचित हो म्हणतील. कदाचित म्हणतील, आता सवय झाली तिला.

ट्रेलर अंगणातच आहे, मोडणार नाही. त्यात झोपायला मला अजूनही आवडतं. फक्त त्याला आता मी साधं जगणं म्हणत नाही.