माळ मोडणारा दोषी की रोगी?

आमच्या सेलूतला एक गडी आहे. नाव सांगत नाही, कारण असा एखादा गडी गावोगाव असतोच. तीनदा त्याने तुळशीची माळ घातली आणि तीनदा दारूपायी उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. तिसऱ्या वेळी आम्ही चारचौघांत त्याला बोललो, "बाबा, तुला माळेची किंमतच नाही." तो खाली मान घालून म्हणाला, "किंमत आहे हो महाराज, पण मन थाऱ्यावर राहत नाही." आम्ही तो बहाणा समजलो. आज तसे म्हणवत नाही.

त्याचे लहानपण आमच्या डोळ्यांपुढचे. शाळेत बाकावर ठरत नसे. निरोप दिला तर वाटेतच विसरायचा. पुढे मोंढ्यात काम धरले, दुकान मांडले, सगळे अर्ध्यावर टाकले. कीर्तनात घटकाभर बसवत नसे. पण दिंडीत पाण्याचा हंडा उचलायला तोच पुढे.

डॉक्टर लोक अशा लक्षणांच्या एका विकाराला एडीएचडी म्हणतात. यात लक्ष टिकत नाही, चंचलपणा आवरत नाही आणि मनात आले की हातून होऊन जाते. तो लहानपणीच सुरू होतो, पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही सुटत नाही. हे काही मोबाइलने आणलेले खूळ नव्हे. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने अशा अस्थिर अवधानाचे वर्णन १७९८ सालीच केले होते.

अशा माणसाला उद्याच्या नुकसानापेक्षा आत्ताचे सुख फार जोराने ओढते. दारू, तंबाखू त्याची तगमग घटकाभर शमवतात आणि मग त्यालाच बांधून टाकतात. २०१२ साली २९ अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत सुमारे २३ टक्क्यांना हा विकार आढळला. म्हणजे प्रत्येक चंचल माणूस व्यसनी नव्हे, आणि प्रत्येक व्यसनीही या विकाराचा नव्हे. पण शंका घ्यावी एवढे कारण नक्कीच आहे.

कोणी विचारील, मग नेमाला अर्थ काय? रोग म्हटले की सारे माफ? नाही. अधू पायाच्या वारकऱ्याला आपण भक्तिहीन म्हणत नाही, खांदा देतो. पण पंढरीला निघायचे त्यालाच असते. चंचलता त्याने मागून घेतली नाही, म्हणून तिचा दोष त्याच्यावर नाही. ती कळल्यावर उपाय करणे मात्र त्याचे कर्तव्य, आणि दार बंद न करणे आपले.

दुसरे कोणी म्हणेल, नाम असताना गोळी कशाला? अहो, मधुमेहाचा माळकरी गोळी घेऊनच हरिपाठाला बसतो ना! मन आवरत नाही ही तक्रार अर्जुनानेही केली. भगवंतांनी त्याला धिक्कारले नाही, अभ्यास आणि वैराग्य सांगितले. अभ्यासाला बसता यावे म्हणून औषध घेतले तर नामाला कमीपणा येत नाही.

व्यसन हा आजार मानून पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. डॉक्टरांपुढे नुसती दारू सांगू नये, लहानपणही सांगावे. दोन्हींचा इलाज बरोबरीने व्हावा लागतो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोज फार पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. आम्ही मात्र त्याला विठ्ठलाची शपथ घालून एका रात्रीत सोडायला लावत होतो!

तो चौथ्यांदा माळ घ्यायला आला, तर आम्ही त्याची परीक्षा पाहणार नाही. दवाखान्यात तुझ्यासोबत कोण येणार, एवढेच विचारू. आणि उत्तराची वाट न पाहता आम्हीच चपला घालू.

रामकृष्णहरी.