भांडण उद्यावर टाकू नये

प्रपंच टाकून रानात जा, असे आपल्या पंथाने कधी सांगितले नाही. सासूसुना, दीरजावा, भाऊबंद यांच्यात राहूनच नाम घ्यायचे आहे. म्हणून घरातले भांडण हा परमार्थाबाहेरचा विषय नव्हे. हातात टाळ आणि पलीकडच्या खोलीतल्या सख्ख्या भावाशी अबोला, हे भजन पांडुरंगाला कसे पोचावे? या महिन्यात हाच विषय आम्ही टीव्हीवरच्या मालिकांच्या निमित्ताने घेतला आहे.

मुंबईच्या उपनगरातला खारदांड्याचा कोळीवाडाच घ्या. समुद्राकाठची दाट वस्ती, भिंतीला भिंत लागलेली घरे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी दुरुस्त करण्याचे काम निघते. आणि याच दिवसांत आषाढीची वारी येते. वारीला गेले ते गेले. मागे राहिलेल्यांच्या दारी दिवेलागणीला दोन पाहुणे एकदम येतात : एक हरिपाठ, दुसरी मालिका. हरिपाठ थोडक्यात आटोपतो. मालिका मात्र एकीमागून एक रात्रीपर्यंत हलत नाहीत. दिवसभर राबलेली बाई पाय पसरून घटकाभर त्या बघत बसली, तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही. श्रमलेल्या जिवाला विरंगुळा लागतोच. बघा, पण काय बघतो ते ओळखून बघा, एवढेच आमचे मागणे.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला. तिकडे १९३० नंतरच्या दशकात रेडिओवर रोज घरगुती कथा लागत. त्यांचा खर्च साबणवाल्या कंपन्या करीत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’, म्हणजे साबणाचे नाटक, असे नाव पडले. आपल्याकडे १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. तिच्या भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार समजुतीचे शब्द बोलत. कीर्तनात कथा झाल्यावर बुवा तिचे सार सांगतात, तसेच ते. आता शेवटी सार येत नाही; उद्याच्या भांडणाची झलक येते.

मराठीत २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. म्हणीतले हे चार दिवस २०१३ पर्यंत पुरले, तीन हजारांहून अधिक भाग झाले! २००६ साली ‘अवघाची संसार’ आली. नाव माउलींच्या अभंगातले. त्या अभंगात आनंदाचा संकल्प आहे. मालिकेला मात्र आनंदावर फार दिवस काढता येत नाहीत.

याचे कारण साधे आहे. मालिकेचे पोट जाहिरातीवर, आणि जाहिरात बघणाऱ्यांच्या संख्येवर. भांडण मिटले की बघणारा उठून जातो. म्हणून ते मिटू द्यायचे नाही. मग कोणीतरी दाराआडून अर्धेच बोलणे ऐकते. एकमेकांवर जीव असलेली दोघे, एका प्रश्नाने उलगडेल अशा संशयापायी महिना महिना रडत राहतात. खरे ठाऊक असलेले माणूस तोंड उघडणार, तोच त्याला अपघात होतो. नीट पाहा, कारस्थान करणारी जाऊ फार हुशार असते म्हणून तिचे फावते असे नाही. घरातले बाकीचे गप्प बसतात, म्हणून तिचे फावते. मालिकेचा सगळा डोलारा या न बोलण्यावर उभा असतो.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, वडिलांमागे दोन भाऊ आहेत. जागेला सोन्याचा भाव आला आहे, घर एकच आहे. मोठा कुणाशी तरी कागदाविषयी बोलला, ते धाकटीने अर्धवट ऐकले. रात्री ती नवऱ्याला म्हणते, “बघा हं, काहीतरी शिजतंय.” सकाळी मोठी जाऊ हसून “चहा घेतेस का गं?” म्हणाली, तर त्या हसण्यातही डाव दिसतो. मालिका बघून बघून आपल्याला माणसाच्या मागे वाजणारे संगीतही ऐकू यायला लागलेले असते! “वहिनी, कागदाचं काय चाललंय?” एवढे विचारले तर घटकेत उलगडा होईल. विचारत कोणी नाही. मग वर्षे जातात. मुले एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. म्हातारी आई एका घरात जेवते आणि दुसऱ्या दाराकडे बघत डोळे पुसते. मालिकेतली आई भाग संपल्यावर चेहरा धुऊन घरी जाते. या आईने कोठे जावे?

संतांच्याही घरी रुसवे होते. लोकांच्या बोलण्याने विटून ज्ञानोबा कुटीचे दार लावून आत बसले, अशी कथा आहे. तेव्हा दाराशी कोण आले? सगळ्यांत धाकटी मुक्ताबाई. ‘मी लहान, मी कशाला बोलू’ असे तिने म्हटले नाही. ताटीचे अभंग त्या दाराशीच झाले, असे संप्रदाय मानतो. आणि तुकोबाराय! घरची सावकारीची खते वाटायची वेळ आली, तेव्हा धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा त्यांनी कान्होबांच्या हाती दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. यातली खूण ध्यानात घ्या. भावाच्या वाट्याला त्यांनी धक्का लावला नाही. सोडले ते स्वतःचे.

मात्र एक सांगून ठेवतो. सुनेला मारहाण होते, बहिणीचा हक्क बुडविला जातो, तेथे ‘सोसा आणि नाम घ्या’ असे आम्ही सांगणार नाही. मालिकेतली नायिका वर्षानुवर्षे मुकाट सोसते आणि तिला आदर्श म्हणतात. तो आदर्श आपल्या लेकीला शिकवू नका. तिने वडीलधाऱ्यांना सांगावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्यासाठीच आहे. अन्याय झाकणे म्हणजे भांडण मिटविणे नव्हे.

बाकीच्या रुसव्यांसाठी खारदांड्याच्या किनाऱ्यावरचेच शिक्षण पुरे. जाळे फाटले तर त्यावर पांघरूण घालून कोणी दर्यावर जात नाही. फाटलेली जागा शोधायची, लोंबणारे धागे कापायचे, मग सुई घेऊन एकेक आस विणायचा. नारळी पौर्णिमेच्या आत हे काम उरकावे लागते, कारण फाटक्या जाळ्यात मासळी राहत नाही. घराचेही तसेच. कोणत्या शब्दाने फाटले तो शब्द शोधावा, मागची उणीदुणी कापून टाकावीत, आणि मग बोलायला बसावे.

वारीत लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात. जात विचारीत नाहीत, वय विचारीत नाहीत. अनोळखी माणसापुढे वाकणारी आपली मान घरात का ताठ होते, याचा ज्याने त्याने विचार करावा. या चातुर्मासात एक नेम धरा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दाराशी आपण होऊन जायचे आणि म्हणायचे, “दादा, हरिपाठाला बसतोय, ये.” तो पहिल्या दिवशी येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मालिकेचा पुढचा भाग दुसऱ्याच्या हाती असतो. आपल्या घरचा आपल्या हाती आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!