बरं कोणाला वाटलं?



आमच्या घरी नऊ वर्षांचा डॅशहुंड आहे, शेरू. लांब पाठ, आखूड पाय. मागच्या उन्हाळ्यात सोफ्यावरून उडी मारली आणि मागचे पाय लडखडायला लागले. पाठीला हात लावला की कण्हायचा.

तेव्हा मी मोबाईलवर अमेरिकेतले कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ फार बघायचे. हाताने मणक्यांना नेमका झटका देऊन सांधे मोकळे करायची ही पद्धत. डॅनियल पामर यांनी १८९५ मध्ये माणसांसाठी सुरू केली. आता तिकडे घोड्या-कुत्र्यांवरही करतात. व्हिडिओत घोडा जांभई देतो, मालकीण डोळे पुसते. माझेही डोळे भरून यायचे.

इंदूरला असं करणारं कोणी मला माहीत नव्हतं. म्हणून ह्यांच्या गुडघ्याला मालिश करणाऱ्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, मला माणसांचं समजतं, मुक्या जिवाचं नाही." आग्रह मीच केला. त्यांनी हलक्या हाताने पाठ दाबली. शेरू गप्प पडून राहिला. मी घरभर सांगत सुटले, बघा, आराम पडला!

दोन दिवसांनी तो मागचे पाय फरपटत चालला. डॉक्टरांनी पायाच्या बोटाला चिमटा काढून पाहिलं. संवेदना होती, एवढं नशीब. म्हणाले, मणक्यामधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय, या जातीत हे नेहमीचं. अशा पाठीवर जोर दिला तर दुखणं वाढू शकतं. तो गप्प होता तो कदाचित दुखण्यानेच. मग औषधं आणि कित्येक आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. आता चालतो, पण मागून डुलत. दोन दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते दोन दिवस माझ्या खाती राहिले.

नंतर २०१२ मधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. सांधे दुखणाऱ्या ज्या कुत्र्यांना खरं औषध दिलंच नव्हतं, त्यांच्या पायावरचा भार यंत्राने मोजला. भारात सुधारणा नसतानाही पुष्कळ मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. पशुवैद्यांनाही दिसला! म्हणजे प्रेम करणाऱ्याची नजरही फसते, शिकलेल्याचीही.

कायरोप्रॅक्टिक वाईट, असं मला म्हणायचं नाही. घोड्यांवर छोटे अभ्यास झालेत, काहींत पाठीची हालचाल सुधारलेली आढळली. पण भक्कम पुरावा अजून थोडाच आहे. आधी पशुवैद्याने तपासावं, मग शिकलेल्या हातांनी करावं, हा क्रम चुकता कामा नये. माणूस "थांबा, दुखतंय" म्हणतो. मुका जीव आपल्यावर सोपवलेला असतो.

नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती करुणेची म्हणून ऐकायचे. आता वाटतं, त्यात आधी बघणं आहे. समोरच्या जिवाला काय हवंय ते नाथांनी पाहिलं, आणि आपला संकल्प बाजूला ठेवला. मला मात्र काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं. ते मिळालं, आणि त्याची किंमत शेरूने मोजली असेल.

आता कोणाचीही सेवा करताना, सासूबाईंचे पाय चेपतानासुद्धा, स्वतःला विचारते: बरं कोणाला वाटलं, त्यांना की मला?

आपल्या घरीही मुके जीव असतील. ते अचानक लडखडले तर आधी डॉक्टरांकडे न्या. 🙏