खराटा कोणाच्या हाती?

गेल्या जून महिन्यात शाळा उघडल्यावर मी वर्गाच्या भिंतीवर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावला. दर दिवशी पाच मुले, हजेरीपटाच्या क्रमाने. तिसऱ्याच दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. आपल्याच समाजातले, विहारात माझ्या शेजारी बसून त्रिशरण-पंचशील म्हणणारे. "जयभीम सर," म्हणाले आणि थोडे थांबून बोलले, "माह्या पोराच्या हाती खराटा देऊ नका. माह्या आज्यानं गावची ढोरं ओढली. बापानं लय सोसून ते सोडलं. पोराले शाळेत धाडलं ते लिवाले, झाडाले नाही."

त्याच आठवड्यात गावातील एका मोठ्या शेतकऱ्याचा निरोप आला, "आमच्या पोरीनं संडास धुवाचा काय? त्याच्यासाठी माणूस ठेवा."

दोघेही नाहीच म्हणत होते. पण पहिल्याच्या नकारामागे पिढ्यांची जखम होती, तर दुसऱ्याच्या नकारामागे पिढ्यांची सोय. बौद्ध शिक्षकाने या दोघांना कोणते उत्तर द्यावे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

पहिल्या बापाचे म्हणणे खोटे आहे काय? मुळीच नाही. मी स्वतः ज्या शाळेत शिकलो तेथे वर्ग झाडायला रोज नावे पुकारली जात आणि ती नावे ठरलेली असत. कोणीही "तुमची जात अमुक म्हणून झाडा" असे म्हणत नसे. तसे म्हणावेच लागत नसे. १९२७ साली महाड येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, कमीपणाची कामे टाका, असा उपदेश केला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी हा विषय पुन्हा काढला. ढोरे ओढण्यात फायदा आहे असे सांगणाऱ्यांना त्यांनी उलट विचारले की, फायदा आहे तर तुम्हीच का ओढीत नाही? या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलेले नाही. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अनुसूचित जातीच्या माणसाला मेलेली जनावरे ओढायला लावणे हा गुन्हा ठरला. यावरून महाडनंतर ८८ वर्षांनीही ते काम लादले जात होते हे उघड आहे.

आपला जिल्हा वर्धा. सफाईला शिक्षणात स्थान द्यावे ही गोष्ट येथे नवी नाही. गांधीजी १९३६ साली शेगावात राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना निघाली. आश्रमात सवर्ण माणसेही संडास साफ करीत, ही गोष्ट खरी आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. पण याच गांधीजींनी २८ नोव्हेंबर १९३६ च्या 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. आश्रमवासी सफाई करीत ती व्रत म्हणून. व्रत केव्हाही सोडता येते. वस्तीतला माणूस सफाई करी ती जन्म म्हणून. जन्म सोडता येत नाही. त्यालाच त्याच्या कामाची थोरवी गाऊन दाखविणे म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा देणे होय. बाबासाहेबांचा आक्षेप होता तो नेमका यावर. जात ही केवळ कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

मग आपण खराटा फेकून द्यावा काय? येथे भगवान बुद्धांकडे वळले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात राजगृहाच्या सुनीताची कथा मुद्दाम दिली आहे. सुनीत झाडूवाला होता. तथागतांनी त्याला संघात घेतले. आपण ही कथा नेहमी सांगतो, पण एवढ्यावरच थांबतो. संघात गेल्यावर झाडलोट कोण करीत असे, हे विचारीत नाही.

याचे उत्तर विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात शौचकूपाचे नियम आहेत. तेथे घाण दिसली तर ज्याला दिसेल त्या भिक्खूने धुवावी. आवार अस्वच्छ असेल तर झाडावे. पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरावे. आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. संघात इतरत्र ज्येष्ठतेचा मान असे, पण शौचकूपात जो आधी आला तो आधी, असे तथागतांनी ठरवून दिले. याच ठिकाणी ब्राह्मणकुळातून आलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. ही दुर्गंधी कोण शिवणार, म्हणून तो शौचानंतर स्वतःलाही धूत नसे. तथागतांनी त्याला सूट दिली नाही, सर्वांसाठी नियम केला. आणि अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदासह धुतले, ही हकीकत महावग्गात आहे.

यावरून मला असे दिसते की, संघात गेल्याने सुनीताच्या हातून झाडू कायमचा सुटला असे नाही. तो सर्वांच्या हाती गेला, आणि म्हणून सुनीताच्या अंगावरून जात गळून पडली. ज्या घरात झाडणारा एकच असतो तेथे झाडू हीच त्याची जात होते. जेथे सर्व झाडतात तेथे ते केवळ एक काम उरते.

हे घेऊन मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग सर, पयलं नाव तुमचं लिवा. आन त्या पोरीचं नाव माह्या पोराच्याच दिवशी लिवा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "ते नाही आली त? मंग माह्या पोरगाच झाडीन ना?"

त्या अर्ध्या शाळा शिकलेल्या माणसाने माझ्या तक्त्यातले भोक दाखवून दिले. पाळी कागदावर समान असते. टाळण्याची ताकद समान नसते. म्हणून आम्ही तक्ता बदलला. पहिले नाव माझे. संडासाची पाळी शिक्षक व वरच्या वर्गातील मुले मिळून. जो गैरहजर राहील त्याचे काम दुसऱ्या मुलाने करायचे नाही, मी करायचे.

कचऱ्याचाही धडा असाच वाढला. पोषण आहाराचे उरलेले अन्न, भाजीची देठे व पालापाचोळा यांसाठी विटांचे छोटे नाडेप टाके बांधले. ही पद्धत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या पांढरीपांडे यांची. कचरा, शेणकाला व माती यांचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत होते. प्लास्टिक व कागद वेगळे. पण मुलांना मी अधिक विचारतो ते फुटलेल्या काचेबद्दल व ब्लेडबद्दल. हे उकिरड्यावर फेकले तर कोणाच्या हाताला लागेल? मुले ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराचे नाव घेतात. मग ती काच जाड कागदात गुंडाळून, वर लिहून ठेवतात. ज्याला आपण पाहात नाही त्याचा हात कापू नये, एवढी करुणा ज्याला कळली त्याला पहिले शील कळले असे मी समजतो. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले व २०२३ साली ते ३० लाख केले. भरपाई वाढली, तरी माणूस अजून गटारात उतरतो. कारण उतरणारा कोण आणि वर उभा राहणारा कोण, हे ज्या वयात ठरते त्या वयात आपण मुलांना काही शिकवीत नाही.

बांधवांनो, आपल्या मुलांनी खराटा धरावा की नाही याची कसोटी एकच. पाळी सर्वांची असेल तर धरावा. ठरलेल्या नावांची असेल तर तो खाली ठेवून मुलाने घरी यावे आणि बापाने शाळेत जाऊन जाब विचारावा. दोन्ही गोष्टी धम्माच्याच आहेत.

ती मुलगी आपल्या पाळीला दोनदा आली नाही. दोन्ही वेळा मी झाडले. तो मुलगा बाजूला उभा राहून पाहात होता. येत्या गुरुवारी पुन्हा त्या दोघांची पाळी आहे.

जयभीम.