चार तास दहा मिनिटं

आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62 ते 64



विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, मग क्रोध, पुढे संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. हे श्लोक मला शाळेपासून पाठ आहेत. म्हणताना डोळ्यांसमोर नेहमी कोणीतरी मोठा पापी यायचा. दारूच्या, पैशाच्या मागे लागलेला. मी स्वतः कधीच नाही! गेल्या आठवड्यात पुण्याहून कोल्हापूरला गाडी चालवत गेलो आणि या सगळ्या पायऱ्या एकेक करून उतरलो. तेही अंबाबाईच्या दर्शनाला जाताना.

निघताना फोनने चार तास दहा मिनिटं दाखवली. झालं, तो आकडा डोक्यात जाऊन बसला. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं. मुख्य रस्ता सोडून सर्व्हिस रोडवर उतरा, परत वर चढा, परत खाली. दर वेळी पोहोचायची वेळ पाच-सात मिनिटांनी पुढे सरकायची. एका टोलनाक्यावर फास्टॅगमध्ये पैसेच नव्हते. चूक माझीच, पण रोखीने दुप्पट भरताना आतल्या पोराला बोल लावले. नियम काय त्याने केला होता? मग उजवी लेन न सोडणारा ट्रक, उलट्या बाजूने येणारी दुचाकी. जो दिसेल तो माझी मिनिटं चोरणारा.

कराडच्या अलीकडे मागून बाबा म्हणाले, "अरे, जरा कुठे थांबतोस का?" त्यांचं वय 78, त्यात मधुमेह. मी म्हणालो, "बाबा, आत्ताच तर थांबलो होतो! सारखं सारखं कुठे थांबायचं?" आवाज चढलेला होता. ते गप्प बसले. चाळीस मिनिटांनी पंपावर थांबलो, तेही डिझेलसाठी. त्यानंतर हिने पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाले, "नको गं. त्याला परत थांबावं लागेल."

शंकराचार्यांनी 63व्या श्लोकाच्या भाष्यात म्हटलंय की क्रोधाने विवेक गेलेला माणूस गुरूलाही टाकून बोलतो. हे मला पूर्वी अतिशयोक्तीचं वाटायचं. आणि स्मृती म्हणजे शास्त्राच्या, आचार्यांच्या उपदेशाने झालेल्या संस्कारांची आठवण, असंही ते सांगतात. ती जाते. माझं तर त्याहून साधं काही गेलं होतं. दर्शनाला जायचं बाबांच्या मनात होतं. म्हणून तर गाडी काढली होती! त्यांच्यासाठी निघालो आणि वाटेत तेच अडचण झाले.

मग वेळेचा विचार करूच नये का? तसं म्हणणं मला पटत नाही. ज्या ट्रकवर मी चिडलो त्यालाही माल वेळेत पोचवायचा असणार. 64वा श्लोक विषयांत वावरू नका असं म्हणत नाही. राग-द्वेष सोडून वावरा म्हणतो. पण चार तास दहा मिनिटं हा फोनचा अंदाज होता, तो माझ्या हक्काचा कधी झाला? खरं तर कोल्हापुरात लवकर पोहोचून मला काही कामही नव्हतं. आरती चुकणार नव्हती. हा प्रश्न मी चार दिवस स्वतःला विचारतोय.

रात्री भक्तनिवासात बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "कशाबद्दल रे?" खरंच विसरले होते की मला वाचवत होते, कळलं नाही.

परतीला मी फोन हिच्याकडे दिला आणि स्वतःहून तीनदा थांबलो. बाबा उतरले, एकदा चहाही घेतला. घरी आल्यावर गाडी साफ करताना मागच्या सीटवर त्यांची पाण्याची बाटली सापडली. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.