बोर्ड खराब नाही

बस इथे. आणि "सर, बोर्डच खराब आहे" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस.

काट्यावर कापसाची गाडी, वजन 1250 किलो. काटा मॉडबसने बोलतो, म्हणजे वरचा बाइट आधी पाठवतो: हेक्समध्ये 04, मग ई2. तुझ्या लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर खालचा बाइट आधी धरतो. त्याने वाचलं ई204 आणि पडद्यावर आलं 57860. तिथेच थांबून, असं का झालं ते शोधायचं होतंस. तू ड्रायव्हरच्या कोडमध्ये बाइटांची अदलाबदल करणारी एक ओळ ठोकलीस, 1250 दिसलं आणि मोकळा झालास. मग तोच ड्रायव्हर जुन्या राउटरच्या मिप्स बोर्डावर चढवलास. तो बोर्ड वरचा बाइट आधी धरणारा. सरळ आलेला आकडा तुझ्या ओळीने उलटा केला, पुन्हा 57860, आणि शिव्या बोर्डाला!

वर म्हणतोस, बोर्डावरही तपासलं होतं. कशावर? रिकाम्या काट्यावर! अरे, शून्य उलटं केलं तरी शून्यच. 257 किलो ठेवले असतेस तरी चूक सापडली नसती. त्याचे दोन्ही बाइट 01.

मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलल्या जाणाऱ्या तलमडुगू गावचा पोरगा तू. शाळेत होतास तेव्हा शेतात वेचलेल्या कापसाची वजनं वहीत टिपायचास. मराठी बाई "सत्तेचाळीस" म्हणायची, सात आधी, चाळीस मागून. तेलुगू बाई "नलभै एडु" म्हणायची, चाळीस आधी, सात मागून. तू दोघींपुढे 47 च लिहिलंस, कारण कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते ऐकून घेतलंस. एकीच्या नावावर जरी 74 पडले असते तरी मजुरीच्या वेळी बांधावर भांडण पेटलं असतं. मग काट्याची भाषा विचारायला काय झालं होतं? पुस्तिका दोन महिने तुझ्या टेबलावर पडून आहे. तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.

57860 वेडं तरी दिसतं. 1284 किलोची गाडी आली असती तर? 0504 चं 0405 झालं असतं, म्हणजे 1029. हा आकडा कुणालाही खोटा वाटला नसता. शेतकरी पावती खिशात घालून गेला असता, अडीच क्विंटल कापूस तुझ्या त्या एका ओळीत गडप. या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. तुला लागली?

लिनक्समध्ये यावर उपाय तयार आहे. बाहेरून आलेल्या आकड्याला '__बीई16' हा प्रकार द्यायचा आणि वाचताना 'बीई16_टू_सीपीयू' लावायचं. ते गरज असेल तिथेच उलटवतं. प्रकार नीट लिहून स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवलं असतंस तर चुकलेल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं असतं. लिनस टोरवाल्ड्सने 2003 मध्ये ते लिहायला घेतलं. तुला ते एकदाही चालवावंसं वाटलं नाही?

ऊठ. ती ओळ माझ्यासमोर खोड. उद्या सकाळी 05 आणि 04 हे दोन बाइट लॅपटॉपलाही दे, या बोर्डालाही दे, आणि दोन्हीकडे 1284 आलेलं मला दाखव. पुस्तिका वाचून ये.