भाकीत आणि धीर

भूकंप केव्हा होईल हे आगाऊ कळले तर कोणाला नको आहे? परंतु ज्याला ते निश्चित ठाऊक नाही त्याने, परोपकारबुद्धीने का होईना, ते सांगावे काय? हा प्रश्न वरवर शास्त्राचा दिसतो. आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे.

इटली देशातील आपेनाइन पर्वताच्या पोटात खोल भेगा आहेत. त्यांच्या बाजूंचे खडक एकाएकी सरकले म्हणजे भूकंप होतो. तेथील लाक्विला शहरास २००९ सालच्या आरंभी महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. ज्युलियानी नावाचे एक गृहस्थ त्या भागातील प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. ते भूकंपशास्त्रज्ञ नव्हते. पण जमिनीतून निघणारा रेडॉन वायू मोजून भूकंप आधी ओळखता येतो, अशी त्यांची खात्री होती. मार्चअखेर त्यांनी सुल्मोना गावाविषयी इशारा दिला. लोक घाबरले, भूकंप झाला नाही, आणि घबराट पसरविल्याचा ठपका त्यांच्यावर आला. पुढे आठवड्याभरात, ६ एप्रिल रोजी पहाटे, लाक्विला येथे भूकंप होऊन ३०० हून अधिक माणसे मेली.

पुष्कळ जण म्हणाले, "पाहा, त्यांचे खरे ठरले!" वाचकहो, खरे ठरले काय? इशारा ऐकून सुल्मोन्याचे लोक लाक्विलास आश्रयाला गेले असते, तर मृत्यूच्याच दारी जाऊन पोहोचले असते. स्थळ, काळ आणि तीव्रता ही तिन्ही जुळतील तेच भाकीत. रेडॉन वाढूनही भूकंप होत नाही, आणि न वाढताही होतो. अमेरिकेत ब्राउनिंग या गृहस्थांनी ३ डिसेंबर १९९० च्या सुमारास न्यू माद्रिद येथे मोठा भूकंप होण्याचा संभव वर्तविला. शाळा बंद राहिल्या. जमीन हलली नाही. फसलेले भाकीत आपण विसरतो आणि जुळल्यासारखे दिसणारे तेवढे गात बसतो.

परंतु दोष एकाच बाजूचा नव्हता. लाक्विलास भूकंपापूर्वी एका सरकारी अधिकाऱ्याने भिण्याचे कारण नाही, असा धीर दिला. धक्का बसताच रात्र उघड्यावर काढावी, ही तेथील जुनी रीत. पण त्या शब्दांवर विसंबून आपली माणसे घरात राहिली, असे नातलगांनी न्यायालयात सांगितले. २०१२ साली ७ जणांस शिक्षा झाली. २०१४ साली त्यांपैकी ६ तज्ज्ञ निर्दोष सुटले. त्या अधिकाऱ्याची शिक्षा मात्र, कमी करून, कायम राहिली. खोटी भीती आणि खोटा धीर ही एकाच आईची लेकरे होत. ठाऊक नसता ठाऊक आहे असे म्हणणे, हीच ती आई.

मग करावे काय? किल्लारीस १९९२ साली धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्या हजारो लोकांवर कोसळल्या. तारीख कोणालाच सांगता आली नसती; भिंत कच्ची आहे हे मात्र सांगता आले असते. म्हणून गावात ज्याच्या शब्दाला मान आहे त्याने "दिवस मला ठाऊक नाही" हे न लाजता म्हणावे, आणि त्याच श्वासात "चला, भिंत पक्की करू" असेही म्हणावे.